देवरावांचा गुडघा आणि वरणाची बादली

इंदोरा, नागपूर
५ मे १९८५

आयुष्मती तारा हीस मामाचा सप्रेम जयभीम.

विषय : माझा उजवा गुडघा.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म घालवलेल्या माणसाला विषय लिहिल्याशिवाय पत्र पुढे नेता येत नाही, तरी सांभाळून घे. गुडघ्याची हकीकत अशी की तो अधूनमधून अडकतो. परवा चप्पल घालण्यासाठी दारात वाकलो तो तसाच राहिलो. तुझ्या मामीने माझा पाय दोन्ही हातांनी धरून हापशाच्या दांड्यासारखा वरखाली केला, तेव्हा आतून 'खट्' असा आवाज होऊन मी सरळ झालो. दरम्यान रस्त्याने जाणारे तिघे जण, मी वाकून अभिवादन करीत आहे अशा समजुतीने, उलट जयभीम करून गेले.

सदर भागातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यांचे म्हणणे असे की सांध्यातील कूर्चेचा एक तुकडा निखळून आत हिंडतो आहे आणि बिजागरीत खडा सापडावा तसा मधेच सापडतो. ऑपरेशन करून तो काढावा लागेल.

गुडघ्याची चिंता मला गुडघ्यासाठी नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसे येतात, त्यांच्यासाठी आपल्या वस्तीचे मंडळ भोजनदान करते आणि त्या पंगतीत वरणाची बादली पहिल्या वर्षापासून माझ्या हातात आहे. दोन ओळींमधून वाकून, पळत, एक थेंब न सांडता वाढणे ही विद्या आहे. आपला शेजारी धोंडबा याने एकदाच ती बादली धरली, तेव्हा चांदूरच्या एका पाहुण्यांना वरण पत्रावळीऐवजी मांडीवर मिळाले. तेव्हापासून त्याच्याकडे मीठ आहे. आता तो मला येताजाता ऐकवतो, "देवराव, यंदा तुमी मीठ घ्या गा. वरण म्हणजे जवान मानसाचं काम!" तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

तू प्रयोगशाळेत नवी कूर्चा वाढवतेस असे तुझी आई सांगत होती. तरी मी ऑपरेशन करावे की तुझ्या मालाची वाट पाहावी, हे पहिल्यापासून समजावून लिही.

तुझा मामा,
देवराव रामटेके


स्वीडन
२२ मे १९८५

आदरणीय मामांना सविनय जयभीम.

तुमचे पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचले. ऐकायला तीन ससे होते. त्यांची नावे मी आपल्या नागपूरच्या वस्त्यांवरून सदर, महाल आणि इतवारी अशी ठेवली आहेत, कारण इथली नावे माझ्या जिभेवरून घसरतात. 'हापशाच्या दांड्यासारखा' या शब्दांपाशी इतवारीने कान टवकारले.

अपूर्णांक शिकवताना तुम्ही माझ्यासमोर भाकरी मोडली होती. मीही स्वयंपाकघरातूनच सुरुवात करते.

आधी कूर्चा म्हणजे काय ते पाहू. स्वतःचा कान दुमडून पाहा. जे वाकते आणि पुन्हा उभे राहते ती कूर्चा. सांध्यातली कूर्चा तिची चुलत बहीण : पांढरी, काचेसारखी गुळगुळीत, कमालीची निसरडी. तिच्यामुळे हाड हाडावर घासत नाही. परंतु तिच्यात रक्तवाहिनी नसते. बोट कापले तर रक्त दुरुस्तीचे सामान घेऊन धावते, पण कूर्चेकडे जाणारा रस्ताच नाही. तिच्या पेशीही बंद खोलीतल्या भाडेकरूंसारख्या एकेकट्या राहतात. शेजारी भिंत पडली तरी दार उघडत नाहीत. म्हणून एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही.

आता आमचे काम. सशाच्या गुडघ्यात जिथे भार पडत नाही अशा कडेची कूर्चा आम्ही तिळाएवढी काढतो. तिचा भरीव भाग एका पाचक द्रवात विरघळवतो, म्हणजे ते भाडेकरू बाहेर येतात. ते असतात फार थोडे. अशा वेळी मामी काय करते? चमचाभर विरजण कोमट दुधात घालते, झाकते, उबेला ठेवते, आणि सकाळी मडकेभर दही! आम्हीही तसेच करतो. पेशी पोषक द्रवात सोडतो, अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवतो, द्रव वरचेवर बदलतो, भांड्याला धक्का लागू देत नाही, आणि काही आठवड्यांत त्यांच्या कितीतरी पट पेशी होतात. फरक एवढाच की विरजण शेजाऱ्याकडून मागून आणता येते, पेशी मात्र ज्याच्या त्यालाच परत द्यायच्या. सदरच्या सदरला, इतवारीच्या इतवारीला.

मग खड्डा साफ करायचा. नुसत्या पेशी ओतल्या तर सांध्यातल्या ओलाव्याबरोबर वाहून जातील, म्हणून झाकण हवे. ते नडगीच्या हाडावरून सोलून घेतलेल्या पापुद्र्याचे करतात. मामी दोन्ही हातांवर झेलत झेलत लांब पोळी पसरवते आणि उलट्या मडक्यावर टाकते ना, तसा तो पातळ! केसाहून बारीक धाग्याने तो खड्ड्याच्या कडेला शिवायचा, शेवटच्या फटीतून पेशी आत सोडायच्या आणि फट बंद करायची. महालवर आम्ही हे केले. आज तो गाजरासाठी मला ढकलून पुढे गेला!

परंतु मामा, हे सारे अजून सशांपुरतेच आहे. माणसांपर्यंत यायला वेळ लागेल. तुमचा खडा आजच्या साध्या ऑपरेशनने निघतो. तेव्हा वाट पाहू नका.

तुमची,
तारा


इंदोरा, नागपूर
१८ जून १९८५

आयुष्मती तारा हीस सप्रेम जयभीम.

विषय : शस्त्रक्रिया व त्यापुढील कार्यवाही.
संदर्भ : तुझे पत्र, विशेषतः विरजणाचा परिच्छेद.

ऑपरेशन झाले. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, पांढरा, एका बाजूने चकचकीत निघाला. डॉक्टर तो फेकणार होते. मी टेबलावरूनच हरकत घेतली की माल माझा आहे आणि सुपूर्दगी मालकालाच झाली पाहिजे. त्यांनी तो एका बाटलीत घालून दिला.

'वाट पाहू नका' असे तू स्पष्ट लिहिले आहेस. त्यानुसार मी वाट न पाहता कामाला लागलो. घरी येताच दूध कोमट करवले, बोट घालून अंगाइतकी ऊब असल्याची खात्री केली आणि तुकडा तुझ्या मामीच्या हाती दिला. ती म्हणाली, "तुमचं हाडूक माह्या दुधात? डोकं फिरलं का?" मी तुझा परिच्छेद तिला दोनदा वाचून दाखवला. तेव्हा ती तुकडा मुठीत घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली. शास्त्राचा प्रभाव असा असतो.

सकाळी तिने झाकण उघडून दाखवले. दही असे घट्ट की चमचा उभा राहावा, आणि मधोमध तो पांढरा तुकडा. तारा, तो वाढला आहे! डाळीएवढा होता, आता शेंगदाण्याएवढा आहे.

तेव्हापासून रोज नवे दूध, नवी ऊब. आदल्या दिवशीचे दही ती मोगऱ्याच्या कुंडीत टाकते. मडक्याला धक्का लागू नये म्हणून तिने मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्यास बंदी केली आहे. कामात ती माझ्याहून काटेकोर निघाली.

एक शंका. झाकणासाठी नडगी सोलणे टाळता येईल काय? लांब पोळी द्यायला तुझी मामी भीमा तयार आहे. "कितीबी पातळ करून देतो," म्हणते.

तू केव्हा येतेस?

तुझा मामा,
देवराव


स्वीडन
१ जुलै १९८५

आदरणीय मामा,

आत्ताच तुम्हाला तार करून आले : 'तुकडा दह्यातून काढा. दही कोणी खाऊ नये.' आता शांतपणे लिहिते.

दोष माझ्या उपमेचा आहे. दह्यात वाढतात ते दूध खाणारे सूक्ष्म जीव, आणि त्यांना आंबट गर्दी मानवते. कूर्चेच्या पेशी अतिशय सोवळ्या. त्यांचा पोषक द्रव पूर्णपणे निर्जंतुक लागतो. तुमचा तुकडा सांध्यात होता तोवर तिथल्या ओलाव्यावर जगत होता, हे खरे. परंतु दुधात तो वाढणे शक्य नाही. शेंगदाण्याएवढा कसा झाला हे मला उमगत नाही. फार तर दूध पिऊन किंचित फुगला असेल.

आणि मामा, पोळी शिवता येत नाही. मामीची सुद्धा नाही.

आता तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल ते सांगते. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा हमाल आहे. तो बळकट असला की भार तो उचलतो. पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरा, सोडा. मग टाच पलंगावरून वीतभर उचला, धरा, सावकाश खाली आणा. डॉक्टरांना विचारून हे रोज करा. दसऱ्याची बादली दह्यातून येणार नाही, इथूनच येईल.

तुमची,
तारा


इंदोरा, नागपूर
२० ऑगस्ट १९८५

आयुष्मती तारा,

विषय : मालाची विल्हेवाट.

तुझी तार पोचली तेव्हा धोंडबा कढीची दुसरी वाटी संपवत होता.

तो माझी प्रकृती पाहायला आला होता. भीमाने त्याला जेवायला बसवले आणि कढी केली ती नेमक्या त्याच मडक्यातल्या दह्याची. मी बाहेर पलंगावर. भुरके मारता मारता धोंडबा थांबला. "वहिनी, कढीत काय टाकलं वं? कचकन लागलं दाताले. पन गोड आहे!" इतक्यात तारवाला आला. मी तार वाचली, धोंडब्याकडे पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "धोंडबा, तू माहा गुडघा खाल्ला गा!"

त्याने वाटी हळूच खाली ठेवली. "सारा?"

"होता तेवढा."

"मंग आधी सांगाचं ना, बाप्पा! मी चावला नसता. गिळला असता."

भीमा पदर तोंडात धरून आत गेली. बिचारीला फार लागले असावे.

आता खरी आपत्ती ऐक. पंधरवड्यातच धोंडब्याचे दोन्ही गुडघे बरे झाले. गिरणीत उभ्याने काम करून ते कुरकुरायचे, जिना चढताना त्याच्या आधी त्यांचा आवाज वर पोचायचा. आता तो इतवारीत रिक्षाने जात नाही, चालत जातो. सायकलची चेन उकिडवा बसून चढवतो, आणि तीही मुद्दाम माझ्या दारासमोर. चेन उतरलेली नसते.

परवा मंडळाच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, "बादली गुडघ्याले भेटली पाहिजे, मानसाले नाही. इतके वर्सं वरन वाढून राहिला होता थो गुडघा आता माह्यात आहे. मंग बादली कोनाची?" मी म्हणालो, हा चोरीचा माल आहे. तो म्हणाला, "चोरीचा काहून? वहिनीनं ताटात वाढला." आपल्या अध्यक्षा प्रेमिलाताई शाळेत गणित शिकवतात. त्यांनी हा प्रश्न वहीत उतरवून घेतला. निर्णय पुढच्या बैठकीत आहे.

व्यायाम मी रोज करतो. गुडघा परत अडकलेला नाही. परंतु त्याचा उपयोग काय, जर गुडघा माझा राहिलाच नसेल? तरी तो सध्या कोणाकडे आहे याचा लेखी खुलासा, बैठकीत वाचता येईल अशा भाषेत, त्वरित पाठव.

तुझा मामा,
देवराव


स्वीडन
३ सप्टेंबर १९८५

मंडळाच्या अध्यक्षा व सभासद यांना सविनय जयभीम.

श्री. देवराव रामटेके यांचा गुडघा श्री. देवराव रामटेके यांच्याकडेच आहे. त्यातून निघाला तो केवळ एक निखळलेला तुकडा.

तो खाल्ल्याने खाणाऱ्याचा गुडघा दुरुस्त होत नाही, हे पायरीपायरीने मांडते. कढी उकळली, त्या क्षणी तुकड्यातल्या सर्व पेशी मेल्या. पुढे तो पोटात गेला. पोटाला पार्सलावरचा पत्ता वाचता येत नाही. आलेले प्रत्येक पार्सल तिथे फोडले जाते, माल सुटा होतो आणि शरीराला जिथे गरज असेल तिकडे रवाना होतो. तेव्हा त्या तुकड्याचा अंश धोंडबाकाकांच्या नखांत, केसांत किंवा मिशीतही गेला असेल. थेट गुडघ्यात जाऊन बसण्याची सोय निसर्गाने केलेली नाही.

मग त्यांना बरे का वाटते? माझा तर्क असा की ते चालू लागले म्हणून. कूर्चा स्पंजासारखी असते. पाऊल टाकले की दबते, उचलले की सुटते, आणि त्या दाबण्या-सोडण्यातून सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो. तेच तिचे जेवण. बरे होणार या भरवशावर काकांनी पाय उचलला आणि चालण्याने त्यांचे काम केले. त्यांचे अभिनंदन. परंतु हा गुण त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांचा आहे.

याउपर शंका असल्यास मी आनंदाने आणखी लिहीन.

आपली,
डॉ. तारा


इंदोरा
२७ ऑक्टोबर १९८५

तारा वं,

तुले मामीचा जयभीम. हे पत्र तुह्या मामाले कळू देऊ नको. विचारलं तर मामीनं लोनच्याची रीत लिहिली म्हणून सांगजो.

तुहा कागद प्रेमिलाताईनं बैठकीत वाचला. लय चांगला वाचला. पन नख अन् मिशी आली तशी धोंडबाजी उठून उभे राहिले. "ऐकलं का? डॉक्टरीन लिहून राहिली, देवराव माह्या मिशीपर्यंत पोचला! आता तं मी अर्धा देवराव झालो." सारी बैठक हासली, अन् हासता हासता बादली त्याईले देऊन टाकली. तुह्या मामाले मीठ.

मामाचा व्यायाम तरी चालूच. रोज पहाटे टाच वर, टाच खाली. मंग मागच्या अंगनात पान्याची बादली घेऊन वाकून चालत. मी खिडकीतून पाहात होती. गुडघा कुठीच अडकला नाही. थेंब सांडला नाही. दसऱ्याच्या सकाळी पाहातो तं पायरीवर बसून मिठाचा वाडगा धोतरानं पुसून राहिले. पुसला, पाहिला, पुन्हा पुसला. मले नाही पाहावलं वं.

आता तुले खरं सांगतो. थो तुकडा मी दुधात टाकलाच नाही. माह्या दुधात मी हाडूक टाकीन का? मी टाकला खोबऱ्याचा तुकडा. म्हणून शेंगदान्याएवढा झाला अन् धोंडबाजीले गोड लागला. अन् मोगऱ्याले दही कोन घालते? तुहे मामाच रोज भातावर घेत होते, मी दुसऱ्या मडक्याचं सांगे. खरा तुकडा माह्या लवंगाच्या डबीत होता.

मी डबी घेतली, धोंडबाजीच्या घरी गेली. त्याईनं बादली घासून दारात ठेवली होती. म्हटलं, "भाऊजी, हे पाहा." डबी उघडली.

त्याईनं लवंगा बोटानं बाजूले सारून पाहिलं. मंग म्हणाले, "मंग माह्या दाताले काय लागलं?"

"खोबरं."

तारा, तुले खोटं वाटन. मानूस उभा होता थो खाली बसला. "वहिनी, दुखून राहिले वं! दोन्हीबी!" मी म्हटलं, आता तं चांगले होते. त्याईनं गुडघे धरले, "आता समजलं त्याईले," म्हणाले. मंग बादली माह्याकडे सरकवली. "देवरावले द्या. सांगा, कढीचा असर संपला. पन खोबऱ्याचं कोनाले सांगू नका, मले वस्तीत राहाचं आहे."

मामानं वरन वाढलं. पहिली पंगत, दुसरी, तिसरी. पाहुन्याईची रांग संपेचना अन् मामाचे पाय थांबेचना. खाली थेंब पाहाले मिळाला नाही. धोंडबाजी मागून मीठ घेऊन आले, लंगडत. मामानं शेवटच्या पंगतीत त्याईले बसवलं अन् वगराळं भरून वरन घातलं. म्हणाले, "खा धोंडबा. यात माहं काहीच नाही."

हे झालं. पन मले चैन पडेना. चांगला चालता मानूस मी बसवला. म्हणून परवा कढी केली अन् त्याईले बलावलं. कानात सांगितलं, "भाऊजी, डबी रिकामी केली. या खेपेले खराच टाकला." त्याईनं बोटानं वाटी पुसून खाल्ली. काल सकाळी मोऽप चालत इतवारीले गेले. येताना माह्यासाठी एक नारळ आनला. काहून आनला ते मी विचारलं नाही, त्याईनं सांगितलं नाही.

आता थो खरा तुकडा घरात ठेवता येत नाही. धोंडबाजी संशयी मानूस, एखाद दिवशी लवंग मागाले येतील. म्हणून या पाकिटात कागदात बांधून तुह्याकडे पाठवून राहिली. तुह्या उबेच्या कपाटात ठेवाचा तं ठेव, नाही तं तिथल्या मातीत पुरून टाक. लवंगाचा वास येईन, घाबरू नको.

अन् तुहे ते सदर, महाल, इतवारी विचारतील, हे कोनाचं? त्याईले सांगजो, वरन वाढनाऱ्याचं आहे. सरकून जागा द्या म्हणा.

तुही मामी,
भीमाबाई